.२२ पिस्तूल अडकतंय? आधी तेल पुसा, मग घाला

कोकणात लोखंडाच्या वस्तूला दोनच अवस्था: तेल लावलेली, नाहीतर गंजलेली. कोयता, पंपाचे नट, फाटकाच्या बिजागऱ्या, सगळ्यांची हीच गत. त्यामुळे .२२ चं टार्गेट पिस्तूल हाती आलं की इथला नवखा नेमबाज पहिल्यांदा त्याला भरपूर तेल पाजतो. गंज येत नाही, हे खरं. पण मग रेंजवर पाचातला दुसरा राउंड, म्हणजे काडतूस, चढत नाही, पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच) बोल्टच्या, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या, फटीत उभी अडकते, आणि दोष जातो काडतुसांवर.

साठवणीचं तेल वेगळं आणि चालवण्याचं तेल वेगळं. पहिलं गंजासाठी, दुसरं घर्षणासाठी. पहिलं सगळीकडे पातळ हाताने फिरवायचं, दुसरं मोजक्या चार-पाच जागी थेंबाने द्यायचं, आणि पहिलं पुसून काढल्याशिवाय दुसरं घालायचं नाही. एवढं पाळलं तरी अडकण्याच्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्या कशा ओळखायच्या तेही पुढे सांगतो.

हात लावण्याआधी

मॅगझिन (राउंड भरायचा डबा) काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत राउंड बसतो त्या जागी, डोळ्यांनी बघा, मग करंगळीच्या टोकाने चाचपून खात्री करा. हा क्रम उलटा करायचा नाही. मॅगझिन आत असताना बोल्ट ओढून सोडलात तर तुम्ही स्वतःच एक राउंड चढवून ठेवता. साफसफाईच्या टेबलावर काडतुसांची पेटी नको, ती दुसऱ्या खोलीत. राउंड नीट चढतोय का हे घरी खरी काडतुसं भरून बघायचा मोह होतो. ते फक्त रेंजवर, नळी टार्गेटकडे असताना. घरी डमी राउंड वापरा. आणि मॅन्युअलमध्ये स्पष्ट मुभा दिली नसेल तर रिमफायरचा रिकामा ट्रिगर ओढू नका. रिमफायर म्हणजे रिमवर, पुंगळीच्या बुडाच्या कडेवर, पिन आपटून उडणारं काडतूस; .२२ तसंच. फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खळगा पाडते. मग राउंड बसताना जो अडथळा येतो तो कुठल्याही तेलाने जात नाही.

कायद्याच्या बाजूने बघायचं तर शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ तुमच्या पिस्तुलाला लागू आहेतच. साफसफाई आणि तेलपाणी हे परवानाधारकाचं काम. कानस मारणं, स्प्रिंग कापणं, फीड रॅम्प (राउंड चेंबरकडे चढतो तो उतार) घासणं हे परवानाधारक गनस्मिथचं. पिस्तूल क्लबचं असेल तर तिथल्या जबाबदार माणसाला विचारल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात लावू नका.

हे यंत्र एवढं चोखंदळ का

.२२ लाँग रायफलची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. सामन्याची काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेली असतात. अशा गोळीची ऊर्जा ९ मि.मी. च्या गोळीच्या जेमतेम पाव असते. टार्गेट पिस्तुलात बोल्टला कुलूप नसतं. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच तो बंद राहतो, आणि पुंगळीच्या मागे ढकलण्याच्या जोरावर उघडतो. एवढ्याशा जोरात त्याला रिकामी पुंगळी ओढायची, बाहेर फेकायची, फायरिंग पिनवर आपटणारा हॅमर चढवायचा, स्प्रिंग दाबायची, परत येताना नवा राउंड मॅगझिनमधून उचलून चेंबरमध्ये बसवायचा. जोर शिल्लक असा राहतच नाही. पोलीस-लष्कराचं सर्व्हिस पिस्तूल चिखल, मळी काहीही खपवून घेतं. .२२ मध्ये बोल्टखाली घट्ट झालेलं जुनं तेलसुद्धा हिशेब बिघडवतं.

त्यात .२२ ची स्वतःची एक खोड आहे. हिची गोळी पुंगळीएवढ्याच व्यासाची असते, फक्त टाच बारीक करून आत बसवलेली. म्हणून वंगण गोळीच्या बाहेरूनच लावावं लागतं. शिसं उघडं आणि त्यावर मेणाचा किंवा चरबीचा थर. प्रत्येक राउंड चढताना त्यातलं थोडं फीड रॅम्पवर आणि चेंबरच्या तोंडाशी राहतं. वर काजळी बसते. म्हणजे तुम्ही एक थेंबही तेल घातलं नाहीत तरी या पिस्तुलात वंगण आणि मळी साचतच असते.

आणि खेळ असा की थांबायला वेळ नाही. २५ मीटर रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेटांवर पाच गोळ्या, आठ, सहा आणि मग चार सेकंदांत. महिलांच्या २५ मीटर पिस्तुलात टार्गेट तीन सेकंद दिसतं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या घाटावरच्या, कोल्हापूरच्या राही सरनोबतने याच प्रकारात सुवर्ण घेतलं तेव्हा ३४-३४ अशी बरोबरी झाली होती आणि निकालासाठी दोनदा शूट-ऑफ, म्हणजे जादा फेरी, घ्यावा लागला. तशा वेळी पिस्तुलाबद्दल मनात शंका असून चालत नाही.

अडकलेलं पिस्तूल वाचायला शिका

बहुतेक नवखे इथेच घाई करतात. पिस्तूल अडकलं की लगेच बोल्ट ओढून झटकतात, आणि पुरावा जमिनीवर पडतो. सरावात अडकलं तर नळी टार्गेटकडे ठेवा, बोट ट्रिगरबाहेर घ्या आणि चार क्षण नुसतं बघा.

पुंगळी फटीत उभी अडकली असेल तर बोल्ट मागे गेला, पण आळसत गेला. घर्षण, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली साचलेली मळी, किंवा तुमची सैल मनगट-पकड, यांतलं एक. चेंबर रिकामं, बोल्ट बंद आणि मॅगझिनमध्ये राउंड तसेच असतील, तर बोल्ट पुरेसा मागेच गेला नाही, किंवा राउंड वर यायला उशीर झाला. मॅगझिन पूर्ण बसलं नसेल तरीही असंच दिसतं. तेव्हा ते आधी तपासा. राउंड नाक खाली करून रॅम्पवर टेकला असेल तर शक्यतो मॅगझिन दोषी. बोल्ट पुढे आला पण शेवटचा एखादा मिलिमीटर राहिला, तर चेंबरमध्ये मेण-काजळीचं कडं जमलंय. आणि बोल्ट नीट बंद, ट्रिगर ओढला, नुसतं टिक झालं, तर पिस्तूल टार्गेटकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा. मग राउंड काढून रिमवरचा ठसा बघा. ठसा उथळ असेल तर फायरिंग पिनच्या खोबणीत घट्ट तेल बसलेलं असण्याची शक्यता मोठी. ठसा खोल असूनही उडाला नसेल तर दोष काडतुसाचा.

आवाज नेहमीपेक्षा फुसका आला आणि बोल्ट हलला नाही, तर मात्र तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. नळी मोकळी असल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचा राउंड नाही.

आता याहून उपयोगी गोष्ट. *कुठला* राउंड अडकतो ते बघा. मॅगझिन पूर्ण भरलेलं असताना त्याची स्प्रिंग सगळ्यात जास्त दाबलेली असते, आणि वरचा राउंड बोल्टच्या पोटाला खालून जोरात रेटत असतो. म्हणजे बोल्टवरचा ओढा मालिकेच्या सुरुवातीला सर्वाधिक. पहिली गोळी सुटल्यावर दुसरा राउंड चढताना तक्रार येत असेल तर संशय घर्षणावर घ्या. तिथे तेलाचा उपयोग होतो. उलट अडकणारा राउंड नेहमी शेवटचा असेल तर मॅगझिनची स्प्रिंग थकली आहे किंवा फॉलोअर (राउंडांना खालून वर ढकलणारी पट्टी) चिकटतोय. बोल्टला कितीही तेल घाला, फरक पडणार नाही. मधलाच कुठलातरी, कधी हा कधी तो, असं असेल तर काडतुसं आणि ती भरण्याची पद्धत तपासा.

वेळही बघा. सकाळी पहिल्या मॅगझिनला अडकतं आणि नंतर सुरळीत चालतं? मग साठवणीचं तेल आतच राहून गेलंय. सुरुवातीला छान आणि पन्नासच्या दोन पेट्या संपता संपता अडकू लागतं? मग चालवण्याचं तेल वाळलंय किंवा काजळीने खाल्लंय. या दोन तक्रारींचे उपाय बरोबर उलटे आहेत. एकाला तेल कमी करायचं, दुसऱ्याला थोडं घालायचं. न बघता बाटली उचलणारा माणूस निम्म्या वेळा रोग वाढवतो.

कोणतं तेल

खोबरेल नको. घरात सगळ्याला तेच लागतं म्हणून मुद्दाम सांगतो. खोबरेल साधारण २४ अंशांना थिजतं, आणि पौषातल्या सकाळी आपल्याकडे पारा त्याच्या बराच खाली असतो. बाटलीत पांढरं झालेलं खोबरेल बोल्टच्या खोबणीत गेलं की काय होईल, ते वेगळं सांगायला नको. शेंगदाणा, करडई वगैरे खाण्याची तेलं हवेने हळूहळू चिकट होतात, तीही बाद.

शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल चालतं. बंदुकीसाठी म्हणून मिळणारं सिंथेटिक तेल त्याहून बरं, कारण ते उडून लवकर वाळत नाही. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं. पावसात भिजलेल्या पिस्तुलावर मारा आणि पुसून टाका. पण वंगण म्हणून त्याच्या भरवशावर सामना खेळू नका. घासलेटाने धुतलेला भाग कोरडा ठणठणीत पडतो. धुतल्यावर तेल दिलं नाही तर आपल्या हवेत त्यावर फार लवकर लाल पूड येते. पेट्रोल घरात अजिबात नको.

परदेशी मॅन्युअलांमध्ये थंडीसाठी अतिशय पातळ तेलाचा सल्ला असतो. तो त्यांच्या हिवाळ्यासाठी आहे. आपल्याकडे बंदुकीचं तेल थंडीने घट्ट होत नाही, काजळीने आणि वेळेने होतं. त्यामुळे मध्यम पातळ तेल आणि ते वेळच्या वेळी बदलणं हे इथे जास्त जमतं.

आधी पुसा

लाकडी ग्रिप उतरवून ठेवा. अक्रोडाच्या लाकडात तेल मुरलं की ते काळं पडतं आणि हातातून सरकतं. मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढंच पिस्तूल खोला. वॉल्थर जीएसपी आणि पार्डिनी एसपीमध्ये बोल्ट आतल्या आत फिरतो आणि मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं. हॅमरली २०८ किंवा स्मिथ अँड वेसन ४१ मध्ये स्लाइड बाहेरून सरकते आणि मॅगझिन मुठीत असतं. रचना वेगळी, घासणाऱ्या जागा त्याच.

जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं कापड घ्या, धागे न सुटणारं. बोल्टच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पुसा. पहिल्या चिंधीवर काळी, चकाकती पेस्ट येईल. काजळी, शिशाची पूड आणि तुमचंच जुनं तेल, तिन्हींचा काला. चिमटीत घेऊन चोळून बघाल तर ती घसरत नाही, किंचित ओढते. बोल्टला तीच ओढत होती. चिंधी करडी येईपर्यंत पुसा. अगदी पांढरीशुभ्र यायची गरज नाही.

बोल्टचं तोंड जुन्या टूथब्रशने घासा, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली बांबूची बारीक काडी किंवा टूथपिक घाला. तिथून निघणारा कठीण काळा कण मोहरीएवढाही नसतो, पण रिमची पकड तोच सोडवतो. फीड रॅम्पवरचं मेण नखाने नको, सॉल्व्हंट लावलेल्या कापडाने काढा. चेंबरमध्ये ब्रश दोन-चार वेळा फिरवा, मग कोरडी चिंधी. नळीच्या मागे मात्र फार लागू नका. .२२ ची नळी दर वेळी घासून काढायची गरज नसते, आणि निष्काळजीपणे घातलेला गज तोंडाशी जी इजा करतो ती गोळ्यांनी होत नाही.

या कामात हाताला शिसं लागतं. मधेच वडापाव खायचा नाही, चहाही नाही. चिंध्या पिशवीत बांधून टाका, हात साबणाने धुवा, नखांसकट.

थेंब कुठे, किती

माप असं: टूथपिकच्या टोकावर लोंबेल, पण पडणार नाही, एवढा थेंब. बाटलीच्या चोचीतून थेट घातलेला थेंब याच्या कितीतरी पट असतो. औषधाच्या दुकानातली छोटी सिरिंज बोथट सुई लावून वापरली तर काम फार नेटकं होतं.

बोल्टच्या किंवा स्लाइडच्या दोन्ही पट्ट्यांवर एकेक थेंब, बोटाने लांबीभर पसरवून. बोल्टच्या पोटावर, म्हणजे वरचा राउंड जिथे खालून घासतो त्या जागी, नुसता तेलकट हात. ही जागा हमखास विसरली जाते, आणि दुसऱ्या राउंडच्या तक्रारीत हीच कामी येते. बोल्ट हॅमरवरून सरकतो तिथे अर्धा थेंब. रिकॉइल स्प्रिंग आणि तिचा दांडा यांवर एक थेंब चोळून. ज्या पिस्तुलांच्या मॅन्युअलमध्ये पट्ट्यांना ग्रीस सांगितलंय तिथे ग्रीस, पण धातूचा रंग दिसत राहील इतकं पातळ.

मग रिकाम्या पिस्तुलाचा बोल्ट हाताने दहा-बारा वेळा मागेपुढे करा. पुढे आणताना हात सोडू नका, बोल्ट हाताने धरूनच आणा. कडांना जे तेल बाहेर येईल ते पुसून घ्या. ते जादा होतं म्हणूनच बाहेर आलं.

तेल घालायचं नाही अशा जागा: चेंबर, नळी, फायरिंग पिनची खोबण, मॅगझिनचा आतला भाग, आणि मॅन्युअल स्पष्ट सांगत नसेल तर ट्रिगरची यंत्रणा. चेंबरमध्ये तेल राहिलं की पुंगळीची भिंतीवरची पकड कमी होते आणि बोल्टवर मागे जास्त जोर येतो. नळीत तेल असेल तर पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. फायरिंग पिनच्या खोबणीतलं तेल काजळी धरून ठेवतं आणि पिनचा वेग मारतं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर स्विचपर्यंत तेल ओघळता कामा नये, म्हणून तेल घालताना पिस्तूल आडवं धरा.

आमच्याकडे रेंजवर एक जुने मालवणी मास्तर येत असत. नवख्याच्या पिस्तुलातून तेल मनगटावर ओघळताना दिसलं की विचारायचे, "अरे, त्येका तेलान न्हाऊक घातलंस काय?" आणि खिशातला रुमाल पुढे करायचे. निम्मी पिस्तुलं त्या रुमालानेच चालू झालेली मी पाहिली आहेत.

मॅगझिन कोरडंच बरं

मॅगझिन खोला, फॉलोअर आणि स्प्रिंग पुसा, आतून कोरडा ब्रश फिरवा. तेल घातलंत तर त्यात जांभ्याची लाल धूळ बसते. आपल्याकडची ही धूळ मैद्यासारखी बारीक, आणि एप्रिल-मेमध्ये रेंजवर ती सगळीकडे असते. फॉलोअर घासतच असेल तर टेफ्लॉनचा किंवा ग्रॅफाइटचा कोरडा स्प्रे फार तर मारा, आणि तो पूर्ण सुकू द्या.

भरताना प्रत्येक राउंडची रिम खालच्या राउंडच्या रिमच्या *पुढे* बसली पाहिजे. मागे बसली तर वरचा राउंड पुढे जाताना खालच्याच्या रिममध्ये अडकतो, आणि नाक खाली जातं. भरून झाल्यावर मॅगझिन बाजूने धरून बघा, सगळे राउंड एकाच उतारात, एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. मॅगझिनचे ओठ वाकलेले वाटले तर पकडीने सरळ करायला जाऊ नका, दुसरं मॅगझिन लावून बघा. दोन मॅगझिनं असतील तर त्यांवर १ आणि २ असे आकडे टाका. तक्रार कायम एकाच आकड्याची निघाली तर पिस्तूल सुटलं.

काडतुसावरचं मेण, आणि तो प्रसिद्ध थेंब

काही कंपन्यांचं वंगण कोरडं, कडक मेणाचं असतं, काहींचं मऊ, बोटाला लागणारं. कडक मेणाचा राउंड खालच्या राउंडवरून आणि रॅम्पवरून सरकताना जास्त अडतो. अशा वेळी जुने नेमबाज मॅगझिन भरल्यावर सगळ्यात वरच्या गोळीच्या नाकावर तेलाचा छोटा थेंब देतात. मॅगझिन रिकामं होत जातं तसं ते तेल पुढच्या राउंडांना आणि रॅम्पला लागत जातं. युक्ती खरी आहे आणि काही पिस्तुलांत फरक ठळक दिसतो. पण तिला तीन अटी आहेत.

थेंब गोळीच्या शिशावर, पितळेवर नाही. पुंगळी तेलकट करून चेंबरमध्ये घालायची नाही, कारण वर सांगितलंच. दुसरं, थेंब झाडण्याच्या लगेच आधी द्यायचा. तेल लावलेले राउंड रात्रभर पेटीत ठेवले तर ते गोळीच्या कडेने आत झिरपून दारू आणि रिममधलं स्फोटक मिश्रण खराब करू शकतं. तिसरं, ही युक्ती साफसफाईची जागा घेत नाही. स्वच्छ आणि नीट तेल दिलेल्या पिस्तुलाला ती लागत असेल तर मी आधी काडतुसाचा ब्रँड बदलून बघेन. महाग म्हणजे आपल्या पिस्तुलाला मानवणारं, असं नसतं. 'पिस्तूल' म्हणून विकली जाणारी काही काडतुसं मुद्दाम मंद असतात. बोल्ट जड किंवा स्प्रिंग कडक असलेल्या पिस्तुलाला ती अपुरी पडतात, आणि तिथे साधी स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, म्हणजे नेहमीच्या वेगाची, काडतुसं बिनतक्रार चालतात.

जमिनीवर पडलेला राउंड फुंकर मारून परत भरू नका. मेणाला जांभ्याचे कण चिकटतात, ते चेंबरमध्ये आणि नळीत जातात. बाजूला ठेवा, नंतर नीट बघून ठरवा. आणि मे महिन्यात काडतुसांची पेटी बंद गाडीत ठेवू नका. मेण मऊ होऊन राउंडभर पसरतं, मग पुंगळ्यासुद्धा चिकट होतात.

रेंजवर पडताळणी

एका वेळी एकच गोष्ट बदला. तेल बदललं तर काडतुसं तीच, काडतुसं बदलली तर मॅगझिन तेच. वहीत ओळ लिहा: तारीख, हवा, तेल, काडतूस, मॅगझिनचा आकडा, कितवा राउंड कसा अडकला. पाच पेट्यांनंतर ती वही वाचलीत तर दोष स्वतःहून समोर येतो. कुणाला विचारावं लागत नाही.

दोन पेट्यांनंतर बोल्टच्या पट्ट्यांना बोट लावा. बोट कोरडं आलं तर अर्धा थेंब. काळं, चिकट आलं तर आधी पुसणं, मग अर्धा थेंब. हा अंदाज झाला, तुमच्या पिस्तुलाचा आकडा वहीतून ठरवा.

पकडही तपासा. मनगट ढिलं पडलं की बोल्टबरोबर अख्खं पिस्तूल मागे जातं आणि बोल्टचा प्रवास अपुरा राहतो. तेच पिस्तूल, तीच काडतुसं अनुभवी माणसाच्या हातात बिनतक्रार चालत असतील तर तेलाची बाटली बंद करा.

पावसाळा आणि घाट

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली असते, वर समुद्राचं मीठ. या दिवसांत साठवणीचं तेल लागणारच. बाहेरच्या सगळ्या धातूवर आणि नळीतून तेलाची चिंधी फिरवा. घामाच्या हाताचे ठसे पुसायला विसरू नका, गंजाची सुरुवात तिथूनच होते. फोमच्या पेटीत पिस्तूल महिनोन् महिने ठेवू नका. फोम ओल धरतो. कपाटात सिलिका जेल ठेवा, आणि त्याचा रंग बदलला की तापवून परत वापरा. पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघा, झाडायचं नसलं तरी.

झाडायच्या दिवशी हे सगळं पुसायचं. नळीतून दोन कोरड्या चिंध्या, चेंबर कोरडं, बोल्टच्या पट्ट्या पुसून नवे थेंब. काम दहा मिनिटांचं, पण ते घरीच करा, रेंजवर घाईत नको.

२५ मीटरच्या मोठ्या सामन्यांसाठी आपल्याला बहुतेक वेळा घाट चढून पुण्याला बालेवाडीला जावं लागतं. तिकडे हवा कोरडी, पिस्तूल तक्रार कमी करतं. गंमत परतीच्या वाटेवर होते. एसी गाडीत थंड झालेलं पिस्तूल किनाऱ्याच्या दमट हवेत उघडलंत की त्यावर दव धरतं, बोल्टच्या आतसुद्धा. पेटी घरात आणून तासभर बंदच ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा आणि पुसा.

अडकलंच तर

सामन्यात पिस्तूल अडकलं की सरावातली सगळी हुशारी बाजूला. नळी टार्गेटकडे, पकड तशीच, मोकळा हात वर. बोल्ट, सेफ्टी, मॅगझिन कशालाही हात लावायचा नाही. रेंज ऑफिसरने तपासण्याआधी यंत्रणेला हात लावलात तर तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही आणि न झाडलेल्या गोळ्यांचे शून्य गुण पडतात. नेमबाजाला स्वतःला टाळता आला असता असा बिघाडही अग्राह्य ठरू शकतो. सेफ्टी तशीच राहणं किंवा राउंड कमी भरणं तर त्यात येतंच. म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी नवीन तेल, नवी स्प्रिंग, नवा ब्रँड काही नको. वहीत ज्या जोडीवर गेल्या काही सरावांत एकही अडकल्याची नोंद नाही, तेच तेल, तीच काडतुसं आणि त्याच आकड्याचं मॅगझिन पेटीत घाला.